झाडाची विद्या, गावाचा वाटा



आजच्या पत्रिकेवर ‘जनुकबदल केलेल्या वनस्पती आणि औषधे’ असा विषय छापला आहे. धाराशिवच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटेल, अशी काळजी संयोजकांपैकी एकाने व्यक्त केली. मला तसे वाटत नाही. आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात या जिल्ह्याचे नाव केव्हाच लिहिले गेले आहे, फक्त आपल्याकडे ते फारसे कुणी वाचलेले नाही. म्हणून आधी तेच सांगतो आणि मग झाडांकडे वळतो.

1999 च्या अखेरीस उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक अभ्यास सुरू झाला. शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून चालवला. जिल्ह्यातल्या गावांचे 52 गट पाडले. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात आल्या. काहींची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, काहींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या, काहींची ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली. चौथ्या भागातल्या स्त्रियांना नेहमीची आरोग्यव्यवस्था होती तशीच राहिली. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या भागात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते आणि चौथ्या भागात 64. आयुष्यात एकदाच केलेली चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधून जगाला कळले. आज देशोदेशीची तपासणी-धोरणे ज्या पुराव्यांवर उभी आहेत, त्यांत कळंब, भूम, तुळजापूरकडच्या आपल्या आयाबहिणींचा हा पुरावा मानाने मोजला जातो.

त्या चौथ्या भागावरून पुढे वाद झाला. तपासणीने जीव वाचू शकतो असे वाटत असताना हजारो स्त्रियांना तिच्यापासून दूर ठेवावे का, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न रास्त होता. ज्ञान जगाचे झाले, जोखीम मात्र इथल्या बाईने घेतली. मग तिच्या गावात ती चाचणी आज सहज मिळते का? माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याच्या तळाशी हाच प्रश्न आहे. झाडांच्या बाबतीतही तो जसाच्या तसा उभा राहतो.

आता औषधाकडे येऊ. गर्भाशयमुखाचा, स्तनाचा, बीजांडकोशाचा कर्करोग पुढच्या टप्प्यावर गेला की सलाइनमधून जी औषधे दिली जातात, त्यांत पॅक्लिटॅक्सेल हे फार मोठे नाव आहे. ‘टॅक्सॉल’ म्हणूनही ते ओळखले जाते. ते अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीत सापडले. साल गोळा झाली 1962 मध्ये, आणि रेणूची रचना प्रसिद्ध झाली 1971 मध्ये. ती शोधणाऱ्या दोघांपैकी एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. वाणींचा जन्म 1925 सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी उभी हयात काढली. त्याआधी 1966 मध्ये याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे दुसरे रसायन काढले होते. त्यावरून पुढे टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. कर्करोगावरच्या औषधांची दोन घराणीच्या घराणी एका नंदुरबारकराच्या हातून आली! 2020 मध्ये वाणी गेले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांना कोरोनापुढे दुसरे काही दिसत नव्हते. 2018 साली नीती आयोगाने मागास म्हणून, आता त्याला ‘आकांक्षित’ म्हणतात, जे जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्राचे चार होते. त्यांत नंदुरबारही होते आणि आपणही होतो.

कॅम्प्टोथेसिनची एक गोष्ट सह्याद्रीतही घडली. 1972 मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच रसायन आपल्या घाटातल्या एका लहानशा झाडात, नरक्यात, चांगल्या प्रमाणात सापडले. शास्त्राच्या दृष्टीने हा आनंदाचा क्षण होता, झाडाच्या दृष्टीने नव्हता. बाजारात भाव आला आणि कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाकडच्या जंगलांतून नरक्याची लाकडे ट्रकने बाहेर पडू लागली. वनखात्याच्या कारवायांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. सर्पगंधेचेही तेच झाले होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधा कशी काम करते हे दाखवले, सगळ्या जगाने ते उचलले, आणि जंगलातल्या सर्पगंधेची मुळे उपटली गेली. अमेरिकेतही, टॅक्सॉल 1992 मध्ये बाजारात आले तेव्हा, शंभर वर्षांच्या झाडाची सगळी साल सोलून एका रुग्णाला पुरेल एवढेही औषध निघत नव्हते. साल सोलली की झाड मरते. म्हणजे औषध सापडले की झाड संपायला लागते. जनुकांच्या मार्गाने जाण्याची गरज इथून निर्माण झाली.

झाडे अशी रसायने बनवतात कशाला? त्यासाठी आपली शेळी पाहा. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले तरी तिचे नाव उस्मानाबादीच राहिले आणि राहीलही. काटेरी बाभळीपासून कुंपणावरच्या वेलापर्यंत ती काहीही खाते, पण दारातल्या सदाफुलीला तोंड लावत नाही. सदाफुलीची पाने कडू आणि विषारी असतात. तो कडूपणा म्हणजे अल्कलॉइडे. त्यांतली व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन 1958 नंतर कॅनडा आणि अमेरिकेत वेगळी झाली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात त्यांनी चित्र पालटले. पेशी विभागताना तिच्यात सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. व्हिनब्लास्टिन तो उभाच राहू देत नाही. टॅक्सॉल उलटे करते, उभा राहिलेला सांगाडा मोडू देत नाही. दोन्हीकडून पेशी अडते आणि मरते. शेळीसाठी रचलेला हा सापळा माणसाने आपल्या रोगासाठी वळवून घेतला.

पण सदाफुलीत हे औषध आहे तरी किती? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी साधारण 500 किलो वाळलेली पाने लागतात. इतके कमी का, याचे कारण मला फार सुंदर वाटते. व्हिनब्लास्टिन दोन तुकडे जोडून बनते, कॅथरँथिन आणि व्हिंडोलिन. झाड पहिला तुकडा पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात नेऊन ठेवते आणि दुसरा पानाच्या आत. पान चावले गेले तरच दोघांची गाठ पडायची. तयार करण्याच्या तीस-एक पायऱ्याही वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत वाटलेल्या आहेत. या पायऱ्यांतले शेवटचे हरवलेले दुवे सारा ओकॉनर यांच्या गटाने 2018 मध्ये शोधले. 2022 मध्ये दुसऱ्या एका गटाने ती सगळी साखळी यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वात बसवली आणि टाकीत ते दोन तुकडे तयार करून दाखवले. अशी वाट जे कीसलिंग या शास्त्रज्ञांनी आधीच पाडून ठेवली होती. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हे चिनी झुडपातले औषध, ज्यासाठी तू योयो यांना 2015 चे नोबेल मिळाले, त्याचा कच्चा माल त्यांनी यीस्टकडून बनवून घेतला होता.

तरीही मला यीस्टपेक्षा पानाची वाट अधिक महत्त्वाची वाटते, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. झाडाचे काम यीस्टकडून करून घ्यायचे तर आधी ते काम कोणकोणती जनुके करतात हे माहीत हवे. खरी अडचण तिथे असते. एका झाडात वीस-तीस हजार जनुके असतात. त्यांतली कुठली पंधरा मिळून तुमचे औषध बनवतात? झाडांच्या बाबतीत हे शोधणे फार अवघड, कारण दोन-तीनशे वर्षे जगणाऱ्या झाडाचे संकर करून पिढ्या मोजत बसता येत नाही.

इथे तंबाखू कामाला येते. निपाणीची नव्हे, तिची ऑस्ट्रेलियातली रानटी चुलतबहीण, निकोटियाना बेंथामियाना. शास्त्रज्ञांच्या भाषेत नुसते ‘बेंथी’. हे रोप विषाणू आणि जिवाणूंना फारसा विरोध करत नाही, आणि प्रयोगशाळेला नेमके तेच हवे असते. मातीत ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू असतो. झाडाच्या पेशीत आपला डीएनएचा तुकडा घुसवण्याची विद्या निसर्गाने त्याला दिली आहे. 1983 च्या सुमारास मेरी-डेल चिल्टन, मार्क व्हॅन मोंटेग्यू आणि जेफ शेल यांच्या प्रयोगशाळांनी या जिवाणूला हवे ते जनुक वाहून न्यायला शिकवले. आता तर काम इतके सोपे झाले आहे की, जिवाणूचे पाणी सुई नसलेल्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने दाबायचे. पान ओले गर्द दिसते. चार-पाच दिवसांत ते पान दुसऱ्या झाडाचे रसायन बनवू लागते. मग पान वाटून यंत्रावर तपासायचे. रोपाचे बी धरायचे नाही, शेतात लावायचे नाही, पुढची पिढी नाही. आठवड्याचा खेळ आणि मग ते रोप भट्टीत.

या पद्धतीने काय साधते हे पाहायचे तर कळलावी घ्या. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची ही वेल. तिचे नाव ऐकूनच बाया दूर होतात, आणि ते बरेच, कारण तिचा कंद खाऊन माणसे दगावलेली आहेत. त्याच कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. गाउटच्या वेदनेवर आजही तेच दिले जाते. त्याची जनुके कोणालाही ठाऊक नव्हती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ सॅटली यांच्या गटाने कळलावीच्या वेगवेगळ्या अवयवांत कोणती जनुके केव्हा जागी असतात याची यादी केली. कोल्चिसिन जिथे बनते तिथे जी जनुके एकत्र जागी होतात, त्यांवर संशय घेतला. मग एक-एक संशयित बेंथीच्या पानात टाकून पाहिले. पानात नवे रसायन दिसले तर पुढची पायरी सापडली, नाही दिसले तर दुसरा संशयित. चोरीच्या तपासात हवालदार करतो तेच. 2020 मध्ये ‘नेचर’ मासिकात त्यांनी जाहीर केले की, एकूण 16 विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, साखळी बसवून तंबाखूचे पान कोल्चिसिनचा नजीकचा पूर्वज तयार करते. याच गटाने आधी पोडोफायलम या झुडपाच्या औषधाची वाट 2015 मध्ये उकलली होती. 2023 मध्ये कडुनिंबाच्या आणि संत्र्या-लिंबांच्या कुळातल्या कडू लिमोनॉइडांची वाट उकलण्यातही हा गट होता. आणि 2025 मध्ये, वाणींच्या शोधाला चोपन्न वर्षे झाल्यावर, टॅक्सॉलच्या अगदी अलीकडचा टप्पा, बॅकॅटिन थ्री, तंबाखूच्या पानात जवळपास यूच्या पानांइतक्याच प्रमाणात तयार झाला. त्यासाठी यूच्या फांद्यांना उष्णता, थंडी, रसायने, जंतू अशा शेकडो प्रकारांनी छळून, पेशी-पेशीतली जनुके मोजली गेली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट ठासून सांगतो, कारण वर्तमानपत्रे ती उलटी छापतात. हे पान औषधाचा कारखाना होण्यापेक्षा औषधाचा शोधक म्हणून जास्त मोलाचे आहे. कारखान्याचे काम शेवटी यीस्ट, पेशींची टाकी किंवा रसायनशास्त्र करील. टॅक्सॉल आजही यूच्या पेशी टाकीत वाढवून मोठ्या प्रमाणात काढले जाते. पण कोणत्या झाडाला काय येते आणि ते कसे येते, हे आठवड्या-आठवड्याला विचारता येणे ही नवी गोष्ट आहे. शिवाय एकदा साखळी हाती आली की तिच्या मध्येच दुसऱ्या झाडाचे विकर जोडून निसर्गात कधीच नव्हती अशी रसायने बनवता येतात. औषधशोधाचे पुढचे दिवस मला तिथे दिसतात.

प्रथिनांचा विषय वेगळा आहे, तो थोडक्यात. 1989 मध्ये तंबाखूत पहिल्यांदा प्रतिपिंडे बनली. 2012 मध्ये गाजराच्या पेशींत बनलेल्या एका विकराला गोशे या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी अमेरिकेने परवानगी दिली. त्याआधी 2009 मध्ये त्याच आजाराचे जुने औषध बनवणाऱ्या कारखान्यात प्राण्यांच्या पेशींना विषाणूची लागण होऊन जगभर तुटवडा झाला होता. गाजराला माणसाचा विषाणू लागत नाही, ही साधी गोष्ट तेव्हा कामाला आली. 2014 च्या इबोला साथीत झेडमॅप हे औषध तंबाखूच्या रोपांतूनच आले. 2022 मध्ये कॅनडाने तंबाखूत बनलेली कोरोनाची लस मान्य केली. पण तिच्या कंपनीत सिगारेट-कंपनीचा पैसा होता म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती नाकारली आणि वर्षभरात कंपनी बंद झाली. विज्ञान बरोबर होते, भागीदार चुकला. पुण्याचा संबंधही सांगून ठेवतो: सीरम इन्स्टिट्यूट मलेरियाची जी आर21 लस बनवते, तिची ताकद वाढवणारे द्रव्य चिलीतल्या किल्लाया या झाडाच्या सालीतून येते. त्या कुळातले क्यूएस-21 हे नामांकित रसायन 2024 मध्ये तंबाखूत आणि यीस्टमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवून दाखवले गेले. आफ्रिकेतल्या लेकराची लस पुण्याच्या कारखान्यातून जाते आणि तिचे मूळ चिलीच्या जंगलात आहे. ही साखळी किती लांब, आणि मध्ये कुठे तुटली तर?

अशी प्रथिने उघड्या शेतात घेतली तर काय होते, हे समजायला आता सोयाबीनकडे वळू. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेकांच्या घरी खरिपात तेच असते. म्हणून 2002 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात काय झाले ते नीट ऐका. प्रोडिजीन नावाच्या कंपनीने डुकरांच्या लसीचे प्रथिन बनवणारा मका उघड्या शेतात घेतला. पुढच्या वर्षी त्याच शेतात सोयाबीन पेरले. पडलेल्या दाण्यांतून मक्याची काही झाडे आपोआप उगवली आणि सोयाबीनबरोबर कापली गेली. कोठारात गेल्यावर ते लक्षात आले. तेव्हा एकूण 5 लाख बुशेल, म्हणजे आपल्या मापाने सुमारे 1 लाख 36 हजार क्विंटल सोयाबीन जप्त करून नष्ट करावे लागले. कंपनीला अडीच लाख डॉलरचा दंड झाला आणि सफाईचा खर्च त्याहून कितीतरी जास्त. मका तर पराग उडतो म्हणून बदनाम. इथे परागही लागला नाही, सांडलेले दाणे पुरले.

आपल्याकडे अशी वेळ आली तर काय होईल? आपल्या देशात शेतकऱ्याच्या शेतापर्यंत व्यापारी तत्त्वावर पोहोचलेले जनुकबदल पीक एकच, 2002 मध्ये मान्य झालेला बीटी कापूस. बीटी वांगे तर आपल्या मराठवाड्यातल्या, जालन्याच्या महिकोचे. 2009 मध्ये केंद्राच्या जनुकबदल मंजुरी समितीने हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्राने ते स्थगित केले. बांगलादेशात मात्र ते पिकते आहे. वांग्याची स्थगिती मला आजही चूक वाटते. पण औषधाचे जनुक घातलेले पीक उघड्या शेतात नको, यावर मी ठाम आहे. मंजुरी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे राज्यात पिशव्यांतून राजरोस फिरते हे तुम्हाला माहीत आहे. जिथे कापसाचे बी अडवता येत नाही, तिथे इन्सुलिनचे किंवा लसीचे बी कोण अडवणार? ते काम बंद हरितगृहात, खाण्यात न येणाऱ्या रोपात, परवाना आणि पहारा ठेवूनच व्हावे. भीतीपोटी सरसकट विरोध करणारे आणि शेतकऱ्याला ‘औषधी पिकाची’ लालूच दाखवणारे, दोघांनीही हा फरक धरला पाहिजे.

लालूच म्हटल्यावर आठवले. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी येऊन सफेद मुसळी, कोरफड, अमुक तमुक लावा, सगळा माल आम्ही हमीभावाने उचलू, असे सांगते. रोपांचे पैसे आधी घेते आणि माल उचलायच्या वेळी त्याचा फोन लागत नाही. आता त्यांच्या भाषणांत ‘बायोटेक’ हा शब्द येईल. त्याला फसू नका. मी आत्ता सांगितलेले सगळे तंत्रज्ञान ज्या दिशेने चालले आहे, तिथे औषधी वनस्पतीचा कच्चा माल कमी लागेल, जास्त नाही. टाकीत व्हिनब्लास्टिन बनू लागले तर सदाफुलीचे शेत कोणाला लागेल? तमिळनाडूतल्या सदाफुली आणि कळलावीच्या शेतकऱ्यांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

मग मोल उरते कशाचे? झाडातल्या माहितीचे. तिथे कायदा येतो. 1995 मध्ये हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून 1997 मध्ये ते रद्द करवले. हळदीचे उदाहरण आपण अभिमानाने देतो, पण ती लढाई जुन्या पद्धतीची होती. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावागावांत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणली, स्थानिक संपत्तीचा व्यापारी वापर झाला तर गावाला लाभाचा वाटा देण्याची तरतूद केली. तो कायदा झाड, बी, साल, मूळ हातात धरून नेले जाईल असे गृहीत धरतो. आता झाड न्यावेच लागत नाही. एका पानाची जनुकमाला वाचून संगणकावर टाकली की जगात कुठेही ती जनुके नव्याने छापून तंबाखूत घालता येतात. अशा ‘डिजिटल’ माहितीच्या मोबदल्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये कॅली निधी सुरू झाला, पण कंपन्यांचा सहभाग ऐच्छिक आहे. ऐच्छिक दानावर गावांचा हक्क उभा राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट आपल्याच कायद्यात 2023 ची दुरुस्ती झाली, तेव्हा लागवडीतल्या औषधी वनस्पती आणि ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना वाट्यातून बरीच सूट दिली गेली. उद्योगांना त्यात सोपे वाटले असेल. गावांना काय मिळाले, हे कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्याला जंगल फारसे नाही. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य, बालाघाटच्या डोंगरांची कोरडी झुडपे, नळदुर्गाकडची माळराने. लोक म्हणतात, इथे काय आहे? माझे उत्तर आहे की, कोरड्या, खडकाळ, उपाशी जमिनीतली झाडेही रसायनांत श्रीमंत असतात. पाणी कमी, पान महाग, म्हणून ते राखायला विष जास्त. इथल्या माळावरचे रिंगणी, गुळवेल, रुई, गुग्गुळाचे भाऊबंद यांच्यातल्या किती रसायनांच्या वाटा जगात उकलल्या गेल्या आहेत? फार थोड्या. ते काम परदेशात होण्याची वाट पाहायची गरज नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चंदन, कडुनिंब, अश्वगंधा यांच्या अशा रसायनांवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. आपल्या शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सिरिंजने पान भरण्याचे तंत्र शिकायला परदेश लागत नाही. लागते बंद हरितगृह, एक चांगले यंत्र, नियमाप्रमाणे परवानगी आणि मुलांना चार वर्षे टिकवून ठेवणारी शिष्यवृत्ती. हे मागायला आपण लाजू नये. दुष्काळी अनुदान आपण मागतो, तसेच हेही मागावे, आणि जास्त जोरात.

आणि शेवटी, आज या सभागृहातून उठून कुणालाही करता येईल असे एक काम सांगतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित न्यायाधिकरणाने राज्यांना मुदत आणि दंडाचा बडगा दाखवल्यावर 2020 च्या सुमारास बऱ्याच गावांच्या वह्या घाईने भरल्या गेल्या, कित्येक तर एकमेकींच्या नकला आहेत. आपल्या गावाची वही ग्रामसेवकाकडे मागा. पाहा, तिच्यात माळावरची कोणती झाडे आहेत, गावातल्या कुठल्या जाणत्या माणसाला कशाचा उपयोग माहीत आहे, ते कुणाच्या सांगण्यावरून लिहिले आहे. नसेल तर समितीची बैठक बोलवा, महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांना सोबत घ्या, नमुने वाळवून तारखेसह जतन करा. उद्या कुठल्याशा पेटंटमध्ये किंवा औषधाच्या कागदात तुमच्या माळावरची एखादी वेल दिसली, तर तुमचा वाटा मागायला तुमच्याकडे तेवढाच पुरावा असेल.